पालकांना विचारा

"चार तास दहा मिनिटं!" पप्पा ओरडले. "चार तासांत गाडी विट्याहून पुण्याला पोचती, आशे. तू कुठं पोचलीस? हितनं हितं! पलंगावरनं खुर्चीवर!"

मी मान खाली घालून उभी होते. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि आतल्या खोलीत अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, खाकरून आपण ऐकत असल्याची वर्दी दिली होती. खरं सांगायची काही सोय नव्हती. ती चार तास दहा मिनिटं माझी नव्हतीच, पप्पांची होती. त्यांतला दीड तास कुस्त्यांचा, पाऊण तास जुनी ट्रॅक्टरची इंजिनं खोलून दाखवणाऱ्या कुणा पंजाबी माणसाचा आणि उरलेला डेपोच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं पाठवण्याचा.

"आता गप का? बोल की!"

"परत नाही होणार, पप्पा," मी म्हणाले. आणि मनात ठरवलं की या माणसाच्या फोनवर आता काहीतरी बंधन घालायलाच हवं.

हे असं उलटं कसं झालं ते सांगते. नऊ वर्षं झाली या गोष्टीला, त्यामुळे आता मार पडणार नाही.

दहावीची परीक्षा संपल्यावर मामानं मला फोन दिला. पप्पा एसटीत कंट्रोलर. फलाटावरच्या खिडकीत बसून कोणती गाडी कुठे लागेल, कधी सुटेल हे ठरवायचं आणि माईकवरून गावाला सांगायचं, हे त्यांचं काम. घरीही त्यांची खिडकी चालूच असे. आंघोळीचे नंबर, टीव्हीची वेळ, माझी झोपायची वेळ, सगळं वेळापत्रकाप्रमाणे. फोन आला आणि पप्पांना वाटलं की आपल्या फलाटावर एक विनापरवाना गाडी येऊन उभी राहिली आहे. डेपोतल्या कुणा कंडक्टरनं त्यांना सांगितलं, पोरांच्या फोनला लगाम घालायचं ॲप मिळतं, पोर किती वेळ फोन बघतं, कुठं जातं, सगळं बापाला दिसतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन्ही फोन माझ्यापुढे ठेवले. "घाल ते ॲप."

"मी घालू?"

"मग काय अण्णांना सांगू? मला त्यातलं काय कळतंय? तू घाल आणि झालं की सांग."

पप्पांची ही जुनी सवय होती. रेशनकार्ड असो, बँक असो, माझा शाळेचा दाखला असो, ते कागद कधी वाचायचे नाहीत. समोरच्यापुढे सरकवून "सही कुठं करू?" एवढंच विचारायचे. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या देताना त्यांनी सहीसुद्धा विचारली नाही.

ॲप उघडल्यावर पहिलाच प्रश्न आला: हा फोन कुणाचा? पालकाचा की पाल्याचा? इथे माझं बोट क्षणभर अडखळलं असं लिहायला हवं, पण नाही अडखळलं. माझ्या फोनवर मी 'पालक' दाबलं, त्यांच्या फोनवर 'पाल्य'. पाल्याचं नाव विचारलं तिथे 'आशू' लिहिलं. दहा मिनिटांत मी सोळाव्या वर्षी सेहेचाळीस वर्षांच्या मुलाची आई झाले.

"झालं," मी म्हणाले.

"मला कुठं दिसणार?"

"माझ्याच फोनवर दिसतं, पप्पा. रोज संध्याकाळी मी तुम्हाला रिपोर्ट दाखवीन."

"दाखवायचा. न चुकता," पप्पा म्हणाले आणि समाधानानं कुस्ती बघायला बसले.

माझ्या हुशारीत एकच भोक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट दाखवला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'आशू: ४ तास १० मिनिटे', आणि मग जे झालं ते वर आलंच आहे. त्यांनी पाहिलेल्या कुस्त्यांची शिक्षा मला. आता यातून सुटायचं तर एकच मार्ग होता. पाल्याला वळण लावणं.

मी त्यांना दिवसाला दोन तास ठरवून दिले. रात्री साडेआठनंतर तर काहीच नाही, फक्त फोन उचलता येईल आणि करता येईल. पहिल्या रात्री पैलवानानं पट काढायला आणि पप्पांचा पडदा करडा व्हायला एकच गाठ पडली.

"हे काय झालं? 'आजची वेळ संपली. पालकांना विचारा.'" पप्पांनी मोठ्यानं वाचलं आणि आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "आता ह्या वयात अण्णांना विचारू व्हय?"

आई तोंडाला पदर लावून हसली. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दोन्ही फोन जोडलेत ना, पप्पा. माझा बंद झाला की तुमचाही होतो."

पप्पांनी फोन उशाशी ठेवला. "असू दे," ते म्हणाले. "पोरीसाठी एवढं सोसायला पाहिजे."

मला लाज वाटली, हे कबूल करते. पण रिपोर्ट दोन तासांवर आला होता आणि माझं स्वतःचं साडेचार तास सुखात चाललं होतं, त्यामुळे लाज फार वेळ टिकली नाही.

नकाशाचं बटण मी आठवडाभरानं दाबलं, तेही सहज. पाल्य कुठं आहे ते एका निळ्या ठिपक्यानं दिसतं. पप्पा कुठं असणार? स्टँडवर. पाच दिवस ठिपका स्टँडवर होता. बुधवारी नव्हता.

बुधवारी पप्पांची डबल ड्युटी असायची. निदान घरी तसं सांगितलेलं होतं. पण ठिपका सव्वानऊला स्टँडवरून निघाला, रेणावी गेली, खानापूर गेलं, भिवघाटाला वळला, करगणी ओलांडली आणि पावणेअकराला आटपाडीला पोचला. तिथे स्टँडमागच्या वस्तीतल्या एका बोळात शिरला आणि तीन वाजेपर्यंत हलला नाही. मग तसाच परत आला. रात्री पप्पा दमल्यासारखे घरात शिरले.

"लई गर्दी आज," त्यांनी आईला सांगितलं.

पुढच्या बुधवारी तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही तेच. तोच बोळ, तेच घर, तेच चार तास.

सोळाव्या वर्षी मला जगातल्या सगळ्या भानगडी पाठ होत्या. चाळिशी उलटलेला पुरुष, परगावचा बोळ, घरी खोटं. दुसरी बाई, आणखी काय! आई बुधवारी पहाटे उठून या माणसाला दुप्पट डबा करून द्यायची, "डबल ड्युटी, भूक लागंल," म्हणून. तिला कळलं तर काय होईल या भीतीनं मला जेवण जाईना. आणि अण्णांना कळलं तर काय होईल याचा विचारही नको वाटे. घर अण्णांचं होतं. अण्णा हायस्कुलातले निवृत्त पीटीचे मास्तर, गळ्यात अजून शिट्टी. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण आणि लांबलचक म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चुकलं. ज्याचं चुकलं तो त्यांच्या हिशेबी घरातून बाद. तसं एकदा झालंही होतं. मला एक आत्या होती असं मी ऐकून होते, पण तिचं नाव घरात निघत नसे. भिंतीवरच्या फोटोची एक कड कातरलेली होती, आत्याविषयी मला दिसलेलं तेवढंच.

कुणाला सांगणार? मग पालक या नात्यानं मीच चौकशी चालू केली.

"पप्पा, आज जेवलात कुठं?"

"कँटीनला."

"काय होतं?"

"भेंडी."

"आईचा डबा सोडून कँटीनची भेंडी?"

"व्हय. का? भेंडीवर बंदी हाय काय?"

"कुणाबरोबर जेवलात?"

"आशे, तू माझी आई हाईस का?" पप्पा वैतागले. मी त्या रात्री त्यांचा वेळ दोन तासांवरून एकावर आणला.

चौथ्या बुधवारी दुपारी मी आतल्या खोलीत पडून ठिपक्याकडे बघत होते, तेव्हा अण्णा दारात उभे राहिले.

"आण तो फोन. तुझ्या बापाला ड्युटी असती, आज रिपोर्ट मी बघतो."

"अण्णा, तो संध्याकाळी..."

अण्णांनी शिट्टीला हात घातला. मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि बराच वेळ नकाशा न्याहाळला.

"आशू, आटपाडी," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "तू तर हितं लोळतीयास. मग आटपाडीत कोण आशू हाय?"

"ते ॲप कधी कधी चुकतंय, अण्णा."

"तीनशे पोरांच्या कवायतीत एक पोरगं बूट न घालता आलं तर मला मागनं कळायचं. खरं बोल."

मी बोलले. घडाघडा सगळं बोलले. तो ठिपका पप्पांचा आहे, मी पालक आहे, पप्पा पाल्य आहेत, दर बुधवारी ते त्याच घरी जातात. आणि बोलता बोलता मला रडूच फुटलं. "अण्णा, आईला सांगू नका. ती बाई कोण आहे मला नाही माहीत, पण आईला नका सांगू."

अण्णांच्या हातात फोन तसाच हातभर लांब होता.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तसली बाई न्हवं ती. वैजू हाय."

वैजू म्हणजे वैजयंता, माझी आत्या, फोटोची कातरलेली कड. चौदा वर्षांपूर्वी तिनं आटपाडीच्या एका ट्रॅक्टर मेकॅनिकशी लग्न केलं होतं. तो आमच्या जातीतला नव्हता, एवढाच त्याचा दोष, बाकी बिचारा तंबाखूसुद्धा खात नव्हता. अण्णांनी तेव्हा जाहीर केलं होतं की जो तिच्या दारात जाईल त्यानं माझ्या दारात यायचं नाही. राखीपौर्णिमेला पप्पांच्या हातात राखी दिसायची, तेव्हा ते म्हणायचे, डेपोतल्या बायकांनी बांधली. ती कुठल्या डेपोची होती ते मला आता कळलं. ट्रॅक्टरच्या इंजिनांचं वेडही कळलं, आणि बुधवारची डबल ड्युटी म्हणजे त्यांची साप्ताहिक सुट्टी, हेही.

दुसऱ्या बाईची भीती गेली आणि तिच्या जागी त्याहून मोठी येऊन बसली. पप्पांना घराबाहेर काढायला आता एका शिट्टीचा अवकाश होता, आणि ती मी अण्णांच्या हातात दिली होती. अण्णांनी शिट्टी तोंडात धरलीही. मी कान झाकायच्या बेतात होते. पण ती वाजली नाही. त्यांनी ती परत खाली सोडली आणि फोन माझ्यापुढे केला.

"ह्यात ती दिसती का?"

"कोण?"

"ती."

"नाही, अण्णा. फक्त पप्पा दिसतात."

"बरं," अण्णा म्हणाले. जाता जाता दारात थांबले. "तुझ्या बापाला सांगायचं न्हाई."

"काय सांगायचं नाही?"

"काहीच सांगायचं न्हाई."

पुढचे सहा दिवस मी जीव मुठीत धरून काढले. अण्णा कधी फुटतील याचा नेम नव्हता. सातव्या दिवशी, बुधवारी, अण्णा भल्या सकाळी आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून माझ्या खोलीत खुर्ची घेऊन आले.

"चल, लाव."

"काय लावू?"

"नकाशा. सव्वानऊ वाजत आलं."

ठिपका निघाला आणि अण्णा खुर्चीच्या कडेवर सरकले. "खानापूरला पाच मिनिटं जास्त थांबली बघ. डायव्हर चहा ढोसत असंल," ते म्हणाले. मग "भिवघाट आला." मग "करगणी." ठिपका बोळात शिरून थांबला तसे तेही मागे टेकून बसले आणि एक शिट्टी मारून आईकडून चहा मागवला. पुढचे चार तास ठिपका जागचा हलत नव्हता आणि अण्णाही.

"आता काय करत असतील?" त्यांनी एकदा विचारलं.

"जेवत असतील."

"वैजूला भेंडी येत न्हवती," अण्णा म्हणाले. "चिकट करायची. मी ताट सारायचो."

मी म्हणाले, "पप्पा खातात." तीन वाजता ठिपका परत निघाला तेव्हा अण्णा कुरकुरले, "एवढी काय घाई हाय ह्याला?"

असे तीन बुधवार गेले. अण्णांचा वार ठरून गेला. मंगळवारी संध्याकाळीच मला विचारायचे, फोन भरून ठेवलायस न्हवं? मला त्यांचा राग यायचा, हेही सांगते. एवढं बघावंसं वाटतं तर सरळ गाडीत बसून जायचं की! पण चौदा वर्षांपूर्वी मारलेली शिट्टी त्यांना परत गिळता येत नव्हती, आणि ती गिळा असं त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

मग मे महिन्याचा शेवटचा बुधवार आला. लग्नाची दाट तिथ, म्हणजे सगळ्या गाड्या तुडुंब. सव्वानऊ झाले, ठिपका स्टँडवरच. साडेनऊ, दहा, तरी स्टँडवरच.

"बिघडलं का ते?" अण्णा म्हणाले.

"बिघडलं नाही. पप्पा गेले नाहीत."

"का गेला न्हाई?"

"आज खरंच डबल ड्युटी असेल."

"फोन करून विचार."

"काय विचारू, अण्णा? आज आत्याकडं का गेला नाहीत, असं?"

अण्णा उठले, अंगणात गेले, परत आले. अकराला परत विचारलं, बारालाही विचारलं. दुपारी जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी अंगण आणि खोली यांच्यात इतक्या फेऱ्या मारल्या की तेवढ्यात माणूस पायी भिवघाटाला पोचला असता.

आठ वाजून गेल्यावर पप्पा आले. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, आवाज बसलेला. पिशवी खुंटीला अडकवतात न अडकवतात तोच शिट्टी वाजली. लांबलचक वाजली. समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

"विलास! आज गाडी का चुकवलीस?"

"कसली गाडी, अण्णा?"

"सव्वानऊची. आटपाडी."

आईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. पप्पा दिवसाला शंभर गाड्या पुकारणारा माणूस, पण त्यांच्या तोंडातून अक्षर फुटेना. त्यांनी नुसते हात जोडायला घेतले आणि ते अर्ध्यातच राहिले. त्यांना वाटलं असणार, झालं, आता पिशवी परत खुंटीवरून काढायची.

"तिला कळवलंस तरी का?" अण्णा म्हणाले. "वाट बघत बसली असंल की रे पोर."

आईनं पळी बाहेर काढत म्हटलं, "मी सकाळीच फोन केलता तिला, मामंजी. आज डबा येणार न्हाई म्हणून."

दुप्पट डबा! म्हणजे आईला पहिल्यापासून माहीत होतं. मी महिनाभर जिच्या काळजीनं झुरत होते ती बाई आटपाडीला लोणची पाठवत होती. या घरात एवढे दिवस एकटी मीच मूर्ख होते.

पप्पा भिंतीला टेकून खाली बसले. डोळे पुसले. मग शर्टाच्या बाहीनं नाक पुसून अण्णांना विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं, अण्णा?"

मला वाटलं होतं, अण्णा एवढं तरी राखतील. पण पीटीचा मास्तर! त्यांनी सरळ बोट दाखवलं. "तुझ्या पालकाला विचार. ती बघ, उभी हाय."

आणि नेमके साडेआठ झाले. पप्पांच्या हातातला फोन करडा झाला. ते पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. न वाचता सही करणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा एक एक अक्षर वाचत होता.

"चार तास दहा मिनिटं," ते सावकाश म्हणाले. "ती माझी होती?"

मी अण्णांच्या मागे पळाले. पप्पा माझ्या मागे. खुर्चीभोवती तीन फेऱ्या झाल्या, एक चप्पल हवेतून गेली, आणि अण्णांनी छोटी शिट्टी मारून खेळ थांबवला.

"ते ॲप आजच्या आज काढून टाक!" पप्पा धापा टाकत म्हणाले.

"काढायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "बुधवार हुईपतोर तरी न्हाई." मग खुर्चीत बसत, कुणाकडेही न बघता पुढे म्हणाले, "मी येणार हाय. नुसता गाडीत बसून येणार. आटपाडीला उतरणार न्हाई. त्याच गाडीनं माघारी."

"उतरू नका, अण्णा," पप्पा म्हणाले. "खिडकीची जागा देतो."

पुढच्या बुधवारी दोघं सव्वानऊच्या गाडीनं गेले. अण्णांनी शिट्टी नेली. मी आणि आई फोन मधे ठेवून बसलो. रेणावी, खानापूर, भिवघाट, करगणी. पावणेअकराला ठिपका आटपाडी स्टँडवर आला आणि तिथेच थांबला. स्टँडवरून बोळात जायला एरवी त्याला सात मिनिटं लागायची. दहा झाली, वीस झाली. आई म्हणाली, "न्हाई उतरत म्हातारा." चाळीस झाली. मी फोन करणार होते, आईनं माझा हात धरला.

मग ठिपका हलला. विट्याच्या बाजूला नाही, बोळाच्या बाजूला. नेहमीसारखा भरभर नाही, अण्णांचे गुडघे जेवढं चालू देतील तेवढा. दोनदा थांबला, आणि शेवटी त्या घरावर जाऊन टेकला. आई उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तीन वाजता ठिपका तिथेच होता. पाच वाजताही तिथेच. साडेआठ झाले आणि माझ्या फोनवर आजवर कधीच न आलेली एक सूचना आली. पप्पांना ते बटण अखेर सापडलं होतं. 'आशूला आणखी वेळ हवा आहे. परवानगी द्यायची?' खाली पर्याय होते, पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास, उद्यापर्यंत.

मी 'उद्यापर्यंत' दाबलं आणि आईला म्हणाले, "आज दोघींचाच भात लाव."